उसातली तेरा झाडे : गांजाचा कायदा सर्वांना सारखा लागतो का?

सरीवरंबा
गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये करवीर तालुक्यातील आमच्या मळ्यात पोलिसांनी छापा घातला. सातबारा माझ्या नावावर आहे, पण मी शहरात नोकरी करतो आणि जमीन आमचा वाटेकरी कसतो. ८६०३२ जातीचा ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि पाटापासून सातव्या-आठव्या सरीत त्याने गांजाची तेरा झाडे लावली होती. लावली होती हे तो स्वतः नाकारत नाही. वयाच्या विशीपासून तो चिलीम ओढतो आणि त्याच्यासोबत देवळामागे बसणारे आणखी दोघे-तिघे त्याच झाडांवर अवलंबून होते.

आदल्या रात्री भरपूर पाऊस झाला होता. झाडे मुळासकट उपटली गेली, मुळांना चिखलाचे गोळे तसेच राहिले, आणि ती युरियाच्या पोत्यांत कोंबून गावातल्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर ठेवली गेली. मी बांधावर उभा होतो आणि पोत्यांच्या तळातून गळणारे पाणी मी डोळ्यांनी पाहिले. काट्यावर आकडा आला २४ किलो ३०० ग्रॅम. काही झाडांना फुलोरा नुकता धरू लागला होता, बाकीची नुसती पाल्याने भरलेली होती.

माझा जबाब घेतला गेला आणि मी साक्षीदार झालो. वाटेकरी चौदा महिने कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात आहे. त्याच्या पत्नीने मला विचारले, "मालक, झाडं त्यांनी लावली हे कबूल, पण शिक्षा अजून लागलेली नाही, मग हे भोगतात ते काय?" मला उत्तर देता आले नाही.

गांजा कायदेशीर करावा का, यावर वर्तमानपत्रांत अधूनमधून चर्चा होते. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. जो कायदा आज आहे तो मालकाला आणि वाटेकऱ्याला, पैसेवाल्याला आणि हातावर पोट असणाऱ्याला सारखा लागतो का? आणि लागत नसेल तर कायदा काढून टाकणे हा उपाय, की तो नीट वापरणे?

पंचगंगाकाठ
झाडे लावली तर गुन्हा आहे, एवढे स्पष्ट असताना प्रश्न कसला ते मला समजले नाही.

कोर्टाची_पायरी
पंचगंगाकाठ, प्रश्न गुन्ह्याचा नाही, वजनाचा आहे, आणि या कायद्यात सगळे वजनावर उभे आहे. मी फौजदारी वकिली करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. खोड, मुळे आणि मुळांचा चिखल तर गांजा नव्हेच. २००१ च्या दुरुस्तीनंतर मात्रेनुसार शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. एक किलोपेक्षा कमी ती अल्प मात्रा, म्हणजे जास्तीत जास्त एक वर्षाची सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा अधिक झाली की व्यापारी मात्रा, आणि तिथे किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे आणि किमान एक लाख रुपये दंड. न्यायाधीशांना दहाच्या खाली उतरता येत नाही.

पण शिक्षा ही फार पुढची गोष्ट आहे. वीस किलोची रेघ ओलांडली की आधी दोन गोष्टी घडतात. दोषारोपपत्र दाखल करण्याची मुदत १८० दिवसांवर जाते. आणि कलम ३७ लागते, ज्यानुसार आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय जामीन मिळत नाही. खटला सुरू होण्याआधीच निर्दोषत्वाची खात्री पटवायची, तीही तुरुंगात बसून. तुमच्या वाटेकऱ्याच्या पत्नीचा प्रश्न नेमका या कलमाला लागतो.

आता मुख्य मुद्दा. झाडाची लागवड हा वेगळा गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यात अल्प किंवा व्यापारी अशी मात्रेची वर्गवारी नाही, त्यामुळे नुसत्या लागवडीला कलम ३७ चा अडसर येत नाही. तीच झाडे उपटून, मुळा-मातीसकट तोलून "२४ किलो गांजा बाळगला" असे लिहिले की तो माणूस एका वाक्यात व्यापारी होतो. पाने, काड्या आणि बिया वेगळ्या न करता वजन केले म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिल्याची उदाहरणे आहेत. सरीवरंबा, पंचनाम्याची प्रमाणित प्रत तुम्ही पाहिली आहे का? त्यात शेंडे वेगळे केल्याची नोंद आहे की नाही, हे सर्वांत आधी बघा.

निवृत्त_फौजदार
मी छत्तीस वर्षे पोलीस दलात काढली आणि असे छापे स्वतः घातले आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

वकीलताई म्हणतात ते कायद्याने बरोबर आहे. पण शेतात उभे राहून शेंडे छाटायला बसलो असतो, तर न्यायालयात पहिला प्रश्न आला असता की तुम्ही मुद्देमालात फेरफार का केला. कलम ४२ प्रमाणे मिळालेली खबर लिहून वरिष्ठांना कळवायची, अंगझडती असेल तर कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडतीचा हक्क आरोपीला सांगायचा, पंच मिळवायचे, काटेवाला बोलवायचा, आणि हे सगळे अंधार पडायच्या आत. एक नोंद चुकली की आरोपी सुटतो आणि चौकशी आमची लागते. म्हणून हाती आले तसे सगळे पोत्यात भरण्याची सवय पडली.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत किलो आणि लाख रुपये छापून येतात. चिखलाचे वजन वजा करून आलेला आकडा कोणी छापत नाही.

सरीवरंबांना मात्र एक आठवण करून देतो. याच कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत असे पीक असल्यास ताबडतोब कळवणे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, आणि कलम ४७ प्रमाणे तेच कर्तव्य सरपंच आणि गावकामगारांवरही आहे. माझ्या सगळ्या नोकरीत या कलमांखाली एखादा मालक किंवा सरपंच उभा राहिलेला मी पाहिला नाही. जो सरीत सापडतो, तोच आरोपी होतो.

सरीवरंबा
फौजदारसाहेब, तुमचे शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. मी एकदा त्या बाजूने जाताना वास ओळखला होता आणि काही न विचारता परत आलो होतो. तेव्हा बोललो असतो तर

कोर्टाची_पायरी
सरीवरंबा, तुम्ही या खटल्यात साक्षीदार आहात. या विषयावर इथे यापुढे एक अक्षरही लिहू नका. जे सांगायचे ते वकिलासमोर बसून सांगा.

राजारामपुरीची_आई
मी इथे फारसे लिहीत नाही, पण आज लिहिणार आहे, कारण "गांजा कायदेशीर करा" हे वाक्य मला सहन होत नाही.

माझ्या मुलाला सतराव्या वर्षी मित्रांनी रंकाळ्याच्या कट्ट्यावर पहिल्यांदा सिगारेटमध्ये भरून दिला. दोन वर्षांत त्याला भिंतीपलीकडून कोणी बोलते असे वाटू लागले. तो रात्री स्वयंपाकघरातला गॅस पाच-पाच वेळा तपासायचा आणि मी डब्यात काही मिसळते म्हणून माझ्या हातचे जेवत नसे. त्याचा वरणभात मी त्याच्यासमोर आधी स्वतः खात असे, मग तो खात असे. आज तो तेवीस वर्षांचा आहे, औषधांवर आहे, बरा आहे. ही वस्तू दुकानात मिळाली असती तर तो वाचला असता, असे मला कोणी सांगू नये.

पण न्यायाची गोष्ट निघाली आहे म्हणून दुसरेही सांगते. तो आणि त्याचा मित्र एकाच दुचाकीवर, एकाच पुडीसह पकडले गेले होते. मित्राच्या वडिलांचा एक फोन झाला आणि त्याला रात्रीच घरी सोडले. माझ्या मुलाचे नाव वहीत चढले. त्यानंतर प्रत्येक नोकरीच्या पडताळणीत तो कागद पुढे येतो. पुडी दोघांची होती, कागद एकाचाच झाला.

मनाचा_डॉक्टर
ताई, तुम्ही जे सोसले ते वैद्यकशास्त्रालाही परिचित आहे. किशोरवयात सुरू झालेले नियमित सेवन, गांजातील नशा आणणाऱ्या द्रव्याचे वाढलेले प्रमाण आणि घरात मनोविकाराचा इतिहास, हे तीन एकत्र आले की भ्रम होण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. "ही तर वनस्पती आहे, याने काही होत नाही" असे म्हणणाऱ्यांनी तुमचा निरोप पुन्हा वाचावा.

त्याचबरोबर प्रमाणाचेही भान ठेवू. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात, तर भांग, गांजा आणि चरस मिळून घेणारे २.८ टक्के आहेत. माझ्या बाह्यरुग्ण विभागातही दारूचे रुग्ण कितीतरी अधिक असतात आणि त्यांच्यापैकी कोणी पेला हातात असल्यामुळे अटक होऊन आलेला नसतो.

कायद्यातच उपचाराची वाट आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. व्यसनी व्यक्ती अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात असेल आणि मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेण्यास तयार असेल, तर कलम ६४अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाते. कलम ३९ खाली न्यायालयही शिक्षेऐवजी उपचारासाठी पाठवू शकते. तुमच्या मुलाच्या वेळी हे कोणी सांगितले होते का?

राजारामपुरीची_आई
नाही, डॉक्टर. पोलीस ठाण्यात नाही, न्यायालयात नाही. आम्हाला "गुन्हा कबूल करा, दंड भरा, सुटा" एवढेच सांगितले गेले. आम्ही कबूल केला. त्या कबुलीचा कागद पुढे आयुष्यभर चालणार आहे, हे आम्हाला तेव्हा उमगले नाही.

टोरांटोकर
मी मूळचा मंगळवार पेठेतला, गेली नऊ वर्षे कॅनडात आहे, त्यामुळे कायदेशीर झाल्यावर काय होते ते जवळून पाहिले आहे.

इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. प्रौढ माणूस सार्वजनिक ठिकाणी तीस ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा बाळगू शकतो आणि बहुतेक प्रांतांत घरी चार झाडे लावू शकतो. आमच्या रस्त्यावरच्या दुकानाच्या काचा अपारदर्शक आहेत, दारातच ओळखपत्र पाहतात, आणि डबीवर पिवळ्या चौकोनात आरोग्याचा इशारा असतो. अल्पवयीन मुलाला विकणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राजारामपुरीच्या ताईंना म्हणून सांगतो की कायदेशीर करणे म्हणजे शाळेच्या दारात दुकान उघडणे नव्हे. आमच्या तरुणपणी रंकाळ्यावर पुडी देणाऱ्याने कधी कोणाचे वय विचारले नव्हते.

मात्र न्यायाचा प्रश्न दुकान उघडल्याने सुटत नाही, हेही इथेच कळले. ज्यांची नावे जुन्या कायद्यात पोलिसांच्या दप्तरी चढली होती, त्यांच्यासाठी २०१९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि तोही ज्याने अर्ज केला त्यालाच उपयोगी पडतो. अमेरिकेत नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू संस्थेने २०१३ मध्ये मांडले की गोरे आणि कृष्णवर्णीय साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, पण बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ३.७३ पट होती. कायदा एकच होता, गस्त मात्र विशिष्ट वस्त्यांत घातली जात होती. इलिनॉय राज्याने २०२० पासून विक्री खुली केली, तेव्हा जुन्या किरकोळ नोंदी पुसण्याची तरतूद त्याच कायद्यात घातली. आपल्याकडे कधी बदल झालाच तर तो कागद पुसण्यापासून सुरू व्हावा, असे मला वाटते.

तांबडी_माती
एक विनंती आहे. मागच्या एका चर्चेत कोणी तरी "कोल्हापूरच्या तालमीत थंडाईच्या नावाखाली भांग चालते" असे लिहिले होते. मी गंगावेशीकडे वाढलो, माझे वडील आणि चुलते लाल मातीत उतरलेले. आमच्या थंडाईत बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडा, मिरी आणि दूध असते. दगडी कुंडीत लाकडी दांड्याने ती घोटताना मनगट दुखून येते. जोर-बैठका मारून आलेल्या पोराला नशा पाजणारा वस्ताद मी पाहिलेला नाही.

भांगेचा प्रश्न वेगळा आहे आणि तो या धाग्याला धरूनच आहे. वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे नुसती पाने या केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहिली, म्हणून उत्तरेत काही राज्यांत सरकारी परवान्याची भांगेची दुकाने आहेत. झाड तेच, पाने घोटून प्यायली तर सण, आणि शेंडा चिलमीत भरला तर कैद. ही रेघ कोणी आणि का ओढली, हे जाणकारांनी सांगावे.

जुनी_पाने
तांबडी_माती, ही रेघ ओढण्यामागे मोठा इतिहास आहे.

ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. देशभर हजाराहून अधिक साक्षी घेऊन आयोगाने असा निष्कर्ष काढला की बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि संपूर्ण बंदीपेक्षा कर आणि परवाने बरे. पुढे कित्येक दशके आपल्याकडे गांजा परवान्यानेच विकला जात होता.

मग १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आला. त्यात फुलोऱ्याच्या शेंड्यांना गांजा म्हटले आणि शेंड्यांशिवायची पाने आणि बिया वगळल्या. आपल्या कायद्यातली व्याख्या त्याच वळणाची आहे आणि भांग तिथेच वाचली. करारात परंपरागत सेवन बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत होती, आणि ती संपत येत असताना १४ नोव्हेंबर १९८५ रोजी आपला कायदा लागू झाला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. गांजा त्याने कायदेशीर झाला नाही, पण जिनिव्हा-व्हिएन्नात मांडलेली समजूत आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कधी पोहोचणार, असा प्रश्न मला पडतो.

चंदगडचा_शेतकरी
आमच्याकडे परसात अंबाडी लावतात. तिचे पान गांजाच्या पानासारखे हाताच्या बोटांसारखे फाटलेले असते. बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने भाजी बघून मला कानात विचारले होते, "हे इथं उघड्यावर?" माझ्या आईने त्याच भाजीची वाटी त्याच्या पानात वाढली.

विचारायचे हे होते की उत्तराखंडमध्ये २०१८ पासून धाग्यासाठी भांगेच्या लागवडीला परवाने मिळू लागले, असे वाचले. आपल्या डोंगराळ तालुक्यांत तसे होऊ शकते का? हत्ती आणि गवे ऊस ठेवत नाहीत.

कोर्टाची_पायरी
चंदगडकर, कलम १४ प्रमाणे धागा किंवा बियांसाठी लागवडीला सरकार विशेष आदेशाने परवानगी देऊ शकते, आणि उत्तराखंडात नशेच्या द्रव्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. महाराष्ट्रात रीतसर परवाना हातात आल्याशिवाय बियाणे घरातसुद्धा आणू नका. "धाग्यासाठी लावले होते" असे पंचनाम्यानंतर सांगून काही उपयोग नसतो.

पंचगंगाकाठ
माझे पहिले वाक्य मी मागे घेतो. पण मुंबईच्या क्रूझवरचे २०२१ चे प्रकरण आठवा. तिथे तर बड्या घरातला मुलगाही तुरुंगात गेला. मग पैसेवाल्यांना हा कायदा लागत नाही, असे कसे म्हणता येईल?

निवृत्त_फौजदार
ते उदाहरण उलट बाजूने बोलते. त्या मुलाला ३ ऑक्टोबरला अटक झाली, २८ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि पुढच्या मे महिन्यात पुराव्याअभावी दोषारोपपत्रातून त्याचे नाव वगळले गेले. पुरावा नसलेला माणूस सुटला, हे योग्यच झाले. पण त्यासाठी देशातले नामांकित वकील उभे होते आणि रोज त्याची बातमी होत होती. वाटेकऱ्याच्या तारखेला वकीलच हजर नसतो आणि तारीख पडते.

वजनाबाबत वकीलताईंचा मुद्दा मला मान्य आहे. आमच्या वेळी आम्ही चुकलो. दंडाधिकाऱ्यांसमोर यादी आणि नमुने करण्याची कलम ५२अ ची पद्धत आहे. शेंडे वेगळे करून वजन करण्याची ती जागा आहे. तिथे फेरफाराचा आरोपही येत नाही.

राजारामपुरीची_आई
मी अजूनही दुकानांच्या विरोधात आहे, टोरांटोकर. पण त्या वाटेकऱ्याने दहा वर्षे आत राहावे, असे मला वाटत नाही. आणि माझ्या मुलाचा कागद पुसला जावा असे वाटते. या दोन्ही गोष्टी मी एकत्र मागू शकते ना?

मनाचा_डॉक्टर
मागू शकता, ताई. विक्रीवर बंदी ठेवून ओढणाऱ्याला गुन्हेगार न ठरवणारे देश आहेत. पोर्तुगालने २००१ पासून अल्प साठ्यासाठी पोलीस खटल्याऐवजी समिती नेमली, आणि तिच्यासमोर माणसाला उपचाराकडे वळवले जाते.

सरीवरंबा
वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे पंचनाम्याची प्रमाणित प्रत मिळवली. वाक्य जसेच्या तसे देतो : "मुळे, खोड, फांद्या, पाने व मुळास लागलेल्या मातीसह एकूण वजन". रासायनिक अहवालासाठी पाठवलेला नमुना एका झाडाच्या शेंड्याचा आहे. बाकीच्या बारा झाडांबद्दल कागदात काहीच नाही.

कोर्टाची_पायरी
हे वाक्य जामीन अर्जाच्या पहिल्या पानावर यायला हवे. शिवाय खटला विनाकारण रेंगाळला असेल तर कलम ३७ असूनही जामिनाचा विचार करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर आता मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागणार नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज कोल्हापुरातच चालते.

सरीवरंबा
सोमवारी सकाळी त्याच्या पत्नीला घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात जातो आहे. त्या सरीतला ऊस गेल्या हंगामात तुटला, त्याचा खोडवाही आता तोडणीला आला आहे आणि टोळी सोमवारीच फडात उतरते आहे. वाट्याचा हिशोब या वेळी तिच्या नावाने लिहायला कारखान्याच्या गटऑफिसात सांगून ठेवले आहे.